मामा, हलू नका!

शूटिंगमामांना मी कधी बसलेलं पाहिलं नाही. वाढवून सांगत नाही. चहा ते चालता चालता प्यायचे. जेवताना ताट हातात घेऊन ओसरीवरून अंगणात, अंगणातून ओसरीवर. एस.टी.त जागा रिकामी असली तरी दांडीला धरून उभे, आणि कंडक्टरने "बसा की मालक" म्हटलं की "बसतो, बसतो" म्हणत दरवाज्यापर्यंत जाऊन यायचे. एकदा तर न्हाव्याकडून अर्धी दाढी टाकून बाहेर आलेले मी पाहिलेत. गळ्यात पांढरं फडकं, एका गालाला फेस, आणि रस्त्यापलीकडच्या माणसाशी हातवारे करून बोलणं चाललेलं. मागून न्हावी वस्तरा घेऊन आला आणि उरलेली दाढी तिथंच रस्त्यात उरकली. मामी म्हणायच्या, "ह्यांच्या बुडाखाली निखारा हाय." मामा हे चालता चालताच ऐकायचे.

ते माझे सख्खे मामा नव्हते. चकलांब्यात मी मावशीकडे राहायचे आणि ते मावशीचे शेजारी, म्हणून मामा. माझे आई-अप्पा मेंढरंवाले. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदाकाठाकडे उतरायचे ते मृगाच्या सुमाराला परत. शाळेसाठी मला मावशीपाशी ठेवलेलं. मामांचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. गेवराई तालुक्यात आणि आसपास ज्यांची ज्यांची लग्नं लागली त्यांतली निम्मी मामांच्या कॅमेऱ्यातून लागली असतील. पुष्कळ खिशांचं खाकी जाकीट, डोक्याला पांढरी टोपी, पायात चपला, आणि मोटारसायकलवर आडवा बांधलेला ट्रायपॉड. हा ट्रायपॉड त्यांनी आयुष्यभर वागवला, पण त्यावर कॅमेरा ठेवलेला कुणी पाहिला नव्हता. "कॅमेरा ठेवायचा नसतो, फिरवायचा असतो," असं ते म्हणायचे. मांडवात ते नवरा-नवरीभोवती इतक्या वेळा फिरायचे की भटजी वैतागून म्हणायचे, "फेरे त्यांना घ्यायचेत, तुम्हाला नव्हे."

त्यांचे दोन शब्द सगळ्या पंचक्रोशीला पाठ होते: परत एकदा. फिरण्याच्या नादात नेमकी घटका हुकायची. मंगळसूत्र बांधून व्हायचं तेव्हा मामा वाजंत्र्यांपाशी असायचे. मग धावत येऊन, "हां, नवरदेव, परत एकदा!" नवरदेव बिचारा बांधलेलं मंगळसूत्र सोडून पुन्हा बांधायचा. एका लग्नात नवरीचा आजा काठी घेऊन उठला. मंगळसूत्र म्हंजे काय बैलाचं दावं हाय का, सोडलं अन् बांधलं? मामा जराही चळले नाहीत. म्हणाले, "बाबा, मघाचं देवासाठी झालं. हे कॅमेऱ्यासाठी." आजा दोन मिनिटं विचार करून खाली बसला, आणि मग स्वतःच आशीर्वाद द्यायला परत एकदा उठला.

दुसरी खोड अशी की कॅमेरा डोळ्याला लागला की समोरची प्रत्येक बाई त्यांना नवरी दिसायची. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी झाशीची राणी झाले होते. हातात पुठ्ठ्याची तलवार, पाठीला बाहुली बांधलेली. खालून मामा ओरडले, "नवरी, जरा लाजा!" सगळं गाव खदाखदा हसलं. मी तलवार उगारून स्टेजच्या कडेपर्यंत आले तर म्हणतात, "व्वा! परत एकदा!" अशा माणसावर रागावायचं तरी कसं?

आणि तिसरी गोष्ट खोड म्हणावी की धर्म म्हणावा, मला अजून ठरवता येत नाही. त्यांच्या शूटिंगमध्ये कुणाचं वाईट दिसायचं नाही. लग्नात रुसलेला जावई, पंगतीत भांडलेले व्याही, पिऊन आलेला चुलता, ठेच लागून पडलेली करवली, सगळं कापून टाकायचे. उरायचं ते गोड हसणारं, हारतुऱ्यांचं, स्वच्छ. मी एकदा विचारलं, "मामा, खरं झालेलं कशापायी काढता?" तर टोपी मागेपुढे करत म्हणाले, "मने, झालं ते झालं त्या दिवशी. पोरीला जन्मभर हेच बघायचंय. मग चांगलं बघू द्या की तिला."

आता माझं सांगते. मी सॉफ्टबॉल खेळायचे. आमच्या शाळेत हा खेळ पी.टी.च्या सरांनी आणला, कुठल्याशा शिबिरात शिकून. गावाला तो क्रिकेटचा चुलतभाऊ वाटायचा. मी शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, जिथं सगळ्यात जास्त चेंडू सरपटत येतात आणि उचलून लगेच पहिल्या बेसला फेकायचे असतात. लोकांना वाटतं, धनगराची पोर म्हणजे गोफण फिरवून हात तयार झाला असणार. डोंबलाचं! आमच्या घरात गोफण मी पाहिलीसुद्धा नाही; अप्पा शीळ घालून मेंढरं वळवतात. माझा हात तयार झाला तो सरांच्या शिव्या खाऊन.

बारावी झाली आणि सरांनी पुण्याकडच्या एका कॉलेजचं काढलं. तिथं खेळणाऱ्या मुलींना टीमसाठी घेतात, शिक्षण आणि हॉस्टेल कॉलेज बघतं. आमची टीम जिल्ह्याच्या पुढे कधी गेली नव्हती, त्यामुळे दाखवायला मोठं सर्टिफिकेट नव्हतं. पण ते लोक आधी व्हिडिओ मागवायचे. मुलगी चेंडू कसा उचलते, कसा फेकते, कशी पळते, बॅट कशी फिरवते. आवडली तर बोलावणार.

अप्पांना विचारलं. ते दुष्ट नव्हते, उगाच तसं कुणी समजू नका. आईचे गुडघे गेले होते. मेंढरांमागे चालणं तिला होत नव्हतं आणि माणूस कमी पडत होतं. अप्पा म्हणाले, "बोलावणं आलं तर जा. माझी ना न्हाई. न्हाई आलं तर ह्या दिवाळीला मेंढरांमागं चल. तुझ्या आईकडं बघवत न्हाई मला." तेव्हापासून मला झोप लागेना, भूक लागेना. मीही मामांसारखी घरभर फिरायला लागले. मावशी म्हणाली, "शेजाऱ्याची लागण झाली हिला."

व्हिडिओ सर मोबाईलवर काढणार होते. मामांना कुणकुण लागली आणि ते भिंतीवरूनच ओरडले, "मोबाईलवर? पोरीच्या आयुष्याचा प्रश्न, अन् मोबाईलवर?" लग्नाचा हंगाम संपत आला होता, मामांचे हात शिवशिवत होते. सरांनी त्यांना कॉलेजच्या अटी वाचून दाखवल्या. कॅमेरा एका जागी ठेवायचा, पूर्ण अंग आणि चेंडू दोन्ही दिसले पाहिजेत, गाणं नको, काटछाट नको. मामा चक्रावले. म्हणाले, "एका जागी? मग ते शूटिंग कसलं, सीसीटीव्ही झालं!" सर हसले. मीही हसले. तिथंच आम्ही फसलो.

पहिलं शूटिंग म्हणजे एक जत्रा होती. सगळी टीम आली, मावशी आली, मामी डोक्यावर पदर घेऊन आल्या. मामांनी नुकताच घेतलेला ड्रोन उडवला. अप्पांची मेंढरं आदल्या आठवड्यातच परत आली होती आणि शाळेच्या मैदानाला लागून पडक रानात बसली होती. डोक्यावर ते घोंगावणं आल्याबरोबर सगळा कळप बिथरला आणि थेट सेकंड बेसवरून पार झाला. मागून अप्पा, "ओ शूटिंगवाले, ते तुमचं आधी खाली घ्या!" मामा ड्रोनकडे बघत मागे मागे चाललेले, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी मेंढरं पळतायत. मला मात्र हसू येत नव्हतं. मला एकच दिसत होतं, की आपलं काहीतरी इथं नीट व्हायला पाहिजे आणि ते होत नाहीये.

दोन दिवसांनी मामांनी आम्हाला त्यांच्या दुकानातल्या टीव्हीवर व्हिडिओ दाखवला. आधी गणपती. घंटा. मग सोनेरी अक्षरं गिरक्या घेत आली: चि. सौ. कां. मनीषा. वरून गुलाबाच्या पाकळ्या. मग शाळेच्या फाटकातून मी स्लो मोशनमध्ये पळत येते, वेणी हवेत. सर चेंडू मारतात, मी उचलते, फेकते, आणि फेकलेला चेंडू हातातून सुटला रे सुटला की कॅमेरा गर्रकन माझ्या तोंडावर. चेंडू पहिल्या बेसला गेला की गोदावरीत गेला, देव जाणे. सुटलेला एकही चेंडू नाही. सगळे कापलेले. शेवटी मी मावळत्या सूर्यासमोर बॅट घेऊन उभी, आणि दोन बदामांच्या मधोमध माझं चित्र मिटतं. मावशीने डोळे पुसले. खरं सांगते, मलाही आवडलं. मी इतकी चांगली दिसते हे मला माहीतच नव्हतं. सर नुसतंच डोकं खाजवत होते. पण मुदत संपत आली होती, म्हणून तेच पाठवलं.

कॉलेजच्या कोच मॅडमचा फोन आला तेव्हा मी सरांच्या घरीच होते. सरांनी फोन मोठ्या आवाजात ठेवला.

"सर, लग्न कधी आहे?" मॅडम म्हणाल्या.

सरांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मुलगी सुंदर दिसते हो. पण चेंडू कुठंय? आणि हिच्याकडून एकही चेंडू सुटत नाही? माझ्याकडे देशाकडून खेळलेल्या मुली आहेत, त्यांच्याकडून सुटतात. मला बघायचंय ते सुटल्यावर ही काय करते. रडते, चिडते, की पुढच्यासाठी उभी राहते. ते सगळं तुम्ही कापलंय. न कापलेलं पाठवा, उद्या संध्याकाळपर्यंत. यादी लावायची आहे."

मी तिथून निघाले ती तणतणत मामांच्या दुकानात. आत पाऊल टाकायच्या आधीच बोलायला लागले. "मी नवरी न्हाई, मामा! कितीदा सांगू? तुमच्या पाकळ्या अन् तुमचे बदाम! माझं सगळं घालवलं तुमी. आता जाते मी मेंढरांमागं, तिथं काढा माझं शूटिंग!" मामा भिंग पुसत होते. पुसायचे थांबले. त्यांना इतकं निश्चल मी पहिल्यांदाच पाहिलं आणि त्याने मी आणखीच घाबरले. भिंग हातात तसंच धरून म्हणाले, "मने, मी कुणाचं वाईट दावलं न्हाई गं आजवर. तुझं कसं दाखवू?" आणि मग लगेच जाकीट चढवत, "चल. उद्या सकाळी. परत एकदा."

दुसऱ्या दिवशी मैदानावर माणूस नव्हतं. पेरण्या सुरू झाल्या होत्या, टीमच्या मुली घरच्यांबरोबर रानात. सर बॅट घेऊन, पहिल्या बेसला कविता, ती एकटीच कशीबशी सुटून आलेली, मी, आणि मामा. त्या दिवशी ट्रायपॉड मोटारसायकलवरून खाली उतरला. त्याचे पाय गंजून बसले होते. सरांनी दगडाने ठोकून ते उघडले आणि कॅमेरा त्यावर बसवला. मामांना सांगितलं, चालू करा आणि हात काढा.

हात काढतील तर ते मामा कसले! पहिल्या खेपेला चेंडूबरोबर कॅमेरा फिरला. सवयीने. "मामा, हलू नका!" मी ओरडले. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला सगळं नीट चाललंय असं वाटलं, पण बघितलं तर माझं नुसतं तोंड. "थोडंसंच जवळ घेतलं," म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला निम्म्यात आलो असताना मामा स्वतःच कॅमेऱ्यासमोरून चालत आले आणि माझी कॉलर सरळ करायला लागले. मी रडकुंडीला आले. "मामा, देवासाठी हलू नका हो!" सरांनी बॅट खाली टाकली. आभाळ भरून येत होतं. गावात सकाळपासून लाईट नव्हती, सरांचा मोबाईल बंद पडलेला आणि कॅमेऱ्याच्या बॅटरीची शेवटची काडी उरली होती.

मग सरच म्हणाले, "मामा, एक काम करा. चालू करा अन् तिथून निघून जा. पार मागं, ओढ्याकडं. हिच्याकडून सुटलेले बॉल आणायला कुणी न्हाई. ते आणा."

मामांनी कॅमेऱ्याकडे अशी नजर टाकली, जशी पोराला पहिल्यांदा शाळेत सोडताना माणूस टाकतो. मग चपला वाजवत माझ्या पाठीमागे, ओढ्याच्या अंगाला जाऊन उभे राहिले. उभे कसले, येरझाऱ्या घालायला लागले.

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, उंची सांगितली. सरांनी पहिला चेंडू मारला. घेतला, फेकला, कविताच्या ग्लोव्हमध्ये फट्ट वाजला. दुसरा खड्यावर उडाला आणि माझ्या नडगीला लागून मागे गेला. तिसरा सरळ होता, सोपा होता, आणि तोही पायांमधून निघून गेला. डोक्यात नुसते आईचे गुडघे. हे सगळं त्या कॅमेऱ्यात चाललंय, यातलं काही कापलं जाणार नाही, कॉलेजवाले हेच बघणार, आणि बॅटरी संपत चाललीय. चौथाही सुटला. सर थांबले. त्यांच्या तोंडावर दिसत होतं, की बंद करू या.

तेवढ्यात मागून चपलांचा फटक फटक आवाज आणि मामांची आरोळी, "परत एकदा!"

ओढ्यातून चेंडू आला. आला म्हणजे काय, मामांनी अक्षता टाकाव्या तसा हात खालून वर केला आणि तो निम्म्यातच पडला. मग स्वतःच पळत येऊन तो उचलला, पुन्हा तसाच टाकला, पुन्हा निम्म्यात. मला हसू फुटलं. एवढ्या तणतणीत, एवढ्या भीतीत, मी खो खो हसले. सगळं गेलंच आहे तर जाऊ दे, असं काहीसं वाटलं असेल. मी खाली वाकले, ग्लोव्ह जमिनीला लावला, आणि सरांना ओरडून सांगितलं, "मारा!"

पुढचं मला नीट आठवत नाही, जे आठवतं ते व्हिडिओतलं आहे. काही घेतले, एक तर आडवी पडून घेतला आणि बसल्या बसल्या फेकला. काही सुटले. सुटला की मागे मामा पळताना दिसतात. डावीकडून उजवीकडे, मग बाभळीखाली वाकलेले, मग चेंडू घेऊन उजवीकडून डावीकडे. एकदा चप्पल तुटली, ती हातात घेऊन एका अनवाणी पायाने पळतायत. प्रत्येक वेळी तेच, "परत एकदा!" कॅमेरा जागचा हलला नाही. शेवटचा चेंडू झाल्यावर मामा बंद करायला कॅमेऱ्याकडे धावत निघाले, पण माझं बॅटिंग बाकी होतं. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "मामा, हलू नका!" आणि ते होते तिथंच थिजले. एक पाय उचललेला, हातात चप्पल, तोंड थेट कॅमेऱ्यात. मग हळूच बाजूला सरकले. मी बॅटिंग केलं, आणि ते संपता संपता बॅटरी गेली.

सरांनी तो तसाच पाठवला. गणपती नाही, पाकळ्या नाहीत. मामा म्हणाले, "माझं नाव कुठं सांगू नका. लोक म्हणतील ह्याला शूटिंग येत न्हाई."

मॅडमचा फोन पेरण्या उरकायच्या आतच आला. "पाठवा मुलीला. तीन सुटल्यावर जी हसते ती मला पाहिजे." आणि मग, "सर, ते मागं पळणारे गृहस्थ कोण? त्यांनाही पाठवता का? माझ्या टीममध्ये एवढं कुणी पळत नाही." मी बातमी सांगायला रानात गेले तर अप्पा नुसतं "बरं" म्हणाले. मग शीळ घालून मेंढरं वळवत, "मेंढरं जरा कमी करतो. तुझ्या आईचं मी बघतो." आणि स्वतःच्या खांद्यावरची घोंगडी काढून माझ्या हातात दिली, हॉस्टेलला थंडी असेल म्हणून.

गेवराईच्या स्टँडवर मला मामांनीच पोचवलं. पुण्याची गाडी लागली, मी चढले, आणि खालून हाक, "नवरी, परत एकदा चढा! मघाशी माणसं आडवी आली." मी उतरले, पुन्हा चढले. पुन्हा काहीतरी आडवं आलं. कंडक्टर कावला, "बाई, तुमी चढताय का उतरताय, एक काय ते ठरवा!" गाडी सुटली तेव्हा मामा कॅमेरा घेऊन तिच्याबरोबर पळत होते, पार फाटकाच्या बाहेरपर्यंत. ती क्लिप त्यांनी मला पाठवली. तिच्यात गाडी लहान लहान होत जाते आणि मामा कुठंच दिसत नाहीत, फक्त त्यांची धाप ऐकू येते.

पुढे फोन करायचे. मॅच झाली की करायचे. जिंकलो का हरलो हे कधीच विचारलं नाही. "आज किती सुटले?" एवढंच. मी सांगायचे, आणि तिकडून खूश होऊन, "मग? पुढचा घेतला ना?" एकदा म्हणाले, "मने, मी बी आता समदं कापत न्हाई बघ. परवा नवरदेवाच्या हातातून हार पडला. ठेवला मी. नवरीचा बाप आधी लई चिडला. मग घरच्यांनी तेवढंच चारदा लावून बघितलं. लई हासले म्हणं." हे सांगताना त्यांचा आवाज जवळ-लांब होत होता, म्हणजे ते नक्कीच दुकानात फेऱ्या मारत असणार.

मामा गेले ते लिंबागणेशकडच्या एका हळदीत. शूटिंग आटोपलं, मोटारसायकलपाशी आले आणि खाली बसले. मामा बसले, एवढ्यावरूनच लोकांना कळायला हवं होतं. पण तिथली माणसं त्यांना ओळखत नव्हती. त्यांना वाटलं, दमलेत, बसू द्या जरा.

मी दहाव्याला पोचले. ओसरीवर फोटोला हार घातला होता. कुठल्याशा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणलेला, डोळे ताणलेले, कान पुढे. फोटोतले ते मामा मला ओळखू येईनात. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बघ की गं, साऱ्या मुलखाची लग्नं केली, अन् ह्यांचं एक धड चित्र न्हाई घरात. आमच्या सोनीच्या लग्नात बी न्हाईत. बापच शूटिंगला, मग बाप दिसंल कसा?" घरात आठवडाभर शोधाशोध चालली होती. डबे उघडले, जुन्या कॅसेटी काढल्या. सगळीकडे परक्यांच्या नवऱ्या, परक्यांचे जावई. मामा कुठंच नाहीत.

मी फोन काढला. मामींच्या शेजारी भिंतीला टेकून बसले आणि तो व्हिडिओ लावला. नाव, गाव, उंची. पहिला चेंडू. दुसरा सुटला आणि माझ्या मागून मामा पळाले. मामींनी फोन माझ्या हातातून घेऊन डोळ्यांजवळ धरला. "आगं बया! हेच की." तिसरा सुटला, मामा पळाले. चौथा सुटला, मामा पळाले. मी चेंडू अडवला की मामी गप्प, सुटला की त्यांचं तोंड फुलायचं. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, आणखी सुटायला हवे होते. चप्पल तुटली तेव्हा मामी पदर तोंडाला लावून हसल्या, डोळ्यांतून पाणी चाललेलं. "एका जागी उभं ऱ्हाईल तर शपथ! किती सांगितलं, नवी चप्पल घ्या म्हणून."

मग माझीच आरोळी आली, मामा हलू नका, आणि फोनमध्ये मामा थिजले. एक पाय वर, हातात चप्पल, सरळ आमच्याकडे बघतायत. मामी म्हणाल्या, "हितं थांबिव." मी थांबवला. म्हटलं, "मामी, ह्याचाच फोटो काढून आणते. ह्या भिंतीवरच्यापेक्षा कितीतरी बरा हाय." मामींनी फोन मांडीवर ठेवला. बोटाने काचेवरची धूळ पुसली.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "पळू दे त्यांना. परत एकदा लाव."